यंत्रानं गायकासाठी थांबावं

प्रश्न असा आहे: "पारंपरिक संगीत आणि आधुनिक ध्वनी एकत्र आणणारे अल्बम मी आवडीनं ऐकते. काही एकजीव वाटतात, काही मात्र ठिगळ लावल्यासारखे. हा फरक नेमका कशामुळे पडतो? मला पारंपरिक गाणी येतात आणि माझा एक मित्र संगणकावर इलेक्ट्रॉनिक संगीत करतो. आम्हाला असा अल्बम करायचा असेल, तर सुरुवात कुठून करावी?"

ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग हे माझं रोजचं काम. अशा अल्बमांवर बरीच वर्षं काम करत आलो आहे, म्हणून उत्तर जरा लांबेल. आधी निष्कर्ष सांगून टाकतो. जे अल्बम एकजीव वाटतात त्यांत यंत्र गायकासाठी थांबलेलं असतं. जे ठिगळासारखे वाटतात त्यांत गायकाला यंत्रासाठी थांबावं लागलेलं असतं.

वाद्यांच्या निवडीवर हे फारसं अवलंबून नसतं. सारंगीखाली सिंथेसायझर ठेवला म्हणून काही बिघडत नाही आणि महागडी तंतुवाद्यं वापरली म्हणून काही साधतही नाही. लय कोणाची आणि सूर कोणाचा, हे दोन निर्णय महत्त्वाचे असतात आणि ते बहुधा कोणाच्याही नकळत, पहिल्याच दिवशी होऊन जातात. नेहमीचा क्रम बघा. संगणकावर नवा प्रकल्प उघडला जातो, ठरावीक वेगाचा क्लिक, म्हणजे कानात वाजणारी टिकटिक, लागतो, चार कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) मांडल्या जातात, ड्रमचा लूप फिरू लागतो. सगळं सजवून झालं की परंपरेतल्या कलावंताला बोलावतात, कानांवर हेडफोन चढवतात आणि सांगतात, "यावर गा." तो बिचारा गातो. सुरेलही गातो. पण तोवर त्याच्या संगीतातल्या दोन मूलभूत गोष्टी दुसऱ्या कोणीतरी ठरवून टाकलेल्या असतात.

लयीपासून सुरू करू. लोकगीत गाणारी एखादी बाई तिच्या नेहमीच्या साथीदाराबरोबर गाते तेव्हा काय होतं ते मोजून पाहिलं तर गंमत वाटेल. पहिलं कडवं मिनिटाला साधारण ९२ ठोक्यांनी सुरू होतं. तिसऱ्या कडव्यापर्यंत ती शंभराच्या आसपास पोचलेली असते. धृपदावर येण्याआधी ती श्वास घेते, तो श्वास प्रत्येक वेळी सारख्या लांबीचा नसतो, आणि ढोलकीवाला तिच्या तोंडाकडे बघत तेवढा वेळ हात धरून ठेवतो. हे लयीचं कच्चेपण नव्हे. गाणं चढत जातं ते याच्यामुळेच. तेच गाणं ९६ च्या क्लिकवर गाऊन घेतलं, तर पहिलं कडवं घाईचं वाटतं, तिसरं रेंगाळतं, आणि धृपदाआधीचा श्वास तर गायबच होतो, कारण क्लिक कोणाच्या श्वासासाठी थांबत नाही.

यावर उपाय आहे, आणि तो कष्टाचा आहे. गाणं आधी क्लिकशिवाय, तिच्या नेहमीच्या साथीबरोबर रेकॉर्ड करायचं. मग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, हातानं खूण करत जायचं आणि त्या खुणांवरून टेम्पोचा नकाशा बनवायचा. ही सोय आज जवळपास प्रत्येक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये आहे. एका गाण्याला सहज अर्धा दिवस जातो. पण त्यानंतर ड्रम मशीन, सिंथ, डिले, सगळं काही त्या बाईच्या श्वासाबरोबर चालू लागतं. संगणकाची ग्रिड, म्हणजे मात्रांची आखणी, तीच राहते, फक्त तिच्या रेषा गाणारीनं आखलेल्या असतात. ऐकणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. त्याला एवढंच जाणवतं की बीट गाण्याला धरून आहे.

क्लिकशी माझं वैर नाही. ज्या परंपरा नाचासाठी घडल्या, ज्यांचा ठेका तासन्‌तास हलत नाही, तिथे क्लिक निमूटपणे बसतो. अडचण येते ती आवर्तनाचा आकारच वेगळा असतो तेव्हा. स्पेनच्या फ्लामेंको संगीतातलं बारा मात्रांचं आवर्तन घ्या. त्यात जोर १२, ३, ६, ८ आणि १० या मात्रांवर येतो, म्हणजे दोन तिनांचे गट आणि तीन दोनांचे गट एकाच चक्रात. बाल्कन प्रदेशातल्या नऊ मात्रा बहुधा दोन-दोन-दोन-तीन अशा चालतात. यांच्याखाली चार मात्रांचा तयार लूप घातला की दोन्ही चालत राहतात, पण एकमेकांकडे पाठ करून. तबला ऐकत वाढलेल्या माणसाला हे चटकन कळेल: झपतालाची बंदिश चार मात्रांच्या बीटवर ठेवली, तर सम येते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

लय जपण्याचा सगळ्यांत जुना मार्ग म्हणजे सगळ्यांनी एका जागी बसून वाजवणं. शक्ती या गटाचा पहिला अल्बम १९७५ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या एका कॉलेजातल्या मैफलीत ध्वनिमुद्रित झाला. जॉन मॅक्लॉफ्लिनची गिटार, एल. शंकर यांचं व्हायोलिन, झाकिर हुसेन यांचा तबला, विक्कू विनायकराम यांचा घटम. मॅक्लॉफ्लिन त्याआधी कर्णकर्कश्श इलेक्ट्रिक गिटारसाठी प्रसिद्ध होता. इथे त्यानं एक खास अकौस्टिक गिटार बनवून घेतली. तिच्या पोटावरून तिरक्या तरफेच्या तारा जात होत्या आणि पडद्यांमधली लाकडी पट्टी खोलगट कोरलेली होती, म्हणजे तार दाबून-ओढून मींड घेता यावी. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. भारतीय वादकांना त्यानं गिटारकडे बोलावलं नाही, स्वतःची गिटार त्यांच्या सुरांकडे नेली. पुढे २०२३ मध्ये याच नावाच्या गटाचा 'धिस मोमेंट' आला आणि त्याला ग्रॅमी मिळालं. त्यातलं बरंचसं काम वादकांनी आपापल्या ठिकाणाहून केलं होतं, पण तोवर ही माणसं एकमेकांची लय अनेक वर्षं ओळखत होती. दूर बसून रेकॉर्ड करण्याची मुभा अशांनाच असते.

आता सूर. इथे गणिताचा थोडा आधार घेऊ, कारण ऐकणाऱ्याला "काहीतरी खटकतंय" एवढंच वाटतं आणि कारण सापडत नाही. पियानो, सिंथ आणि संगणकावरचे तयार आवाज सप्तकाचे बारा समान भाग करतात, प्रत्येक भाग १०० सेंटचा (सेंट हे दोन सुरांमधलं अंतर मोजण्याचं बारीक माप). त्यामुळे त्यांचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार मात्र ३८६ सेंटवर असतो, कारण तो तारेच्या पाचव्या स्वयंभू स्वरातून, म्हणजे मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वरांपैकी एकातून, निघतो. फरक १४ सेंटचा. कागदावर क्षुल्लक वाटतो.

काळी एकच्या षड्जावर यमन लावा. खालचा षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्झ. त्याचा पाचवा स्वयंभू स्वर ६९३ हर्ट्झच्या जवळ येतो. त्याच वेळी सिंथवर समान विभागणीचा गंधार धरून ठेवला, तर त्याचा चौथा स्वयंभू स्वर ६९८.५ च्या आसपास असतो. दोघांमध्ये सेकंदाला साधारण साडेपाच वेळा थरथर ऐकू येते. गायिका तानपुऱ्यातला गंधार ऐकून तिथे स्थिरावलेली असते आणि मागून एक जाड आवाज सतत थरथरत तिला वर ओढत असतो. दोन-तीन टेकनंतर ती नकळत वर सरकते. यमन सुरात असतो, पण गंधाराचा विसावा जातो. मग मिक्स करताना सिंथचा आवाज कमी केला जातो, प्रतिध्वनी वाढवला जातो आणि खटकणं काही थांबत नाही.

उपाय सोपा आहे. बहुतेक चांगल्या सॉफ्ट सिंथमध्ये स्वतंत्र स्वरजुळणी भरता येते. गायक जिथे लावतो तिथे गंधार, धैवत, निषाद नेऊन ठेवा. तेही जमत नसेल तर सिंथला गंधार देऊच नका. षड्ज-पंचम द्या, फार तर मध्यम द्या, बाकीचं गाणाऱ्याला करू द्या. दुसऱ्या परंपरांत ही दरी याहून मोठी असते. अरबी संगीतातल्या रास्त या मकामाचा (आपल्या रागासारख्या मांडणीचा) तिसरा स्वर आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधोमध कुठेतरी पडतो, आणि तोही प्रदेशागणिक थोडा हलतो. इंडोनेशियातल्या गमेलान या वाद्यवृंदाचा तर प्रत्येक संच वेगळा जुळवलेला असतो. बालीमध्ये वाद्यांच्या जोड्या मुद्दाम एकमेकींपासून किंचित हटवून जुळवतात, कारण त्यातून निघणारी थरथरच त्यांना हवी असते. एका संगीतात थरथर हा दोष आणि दुसऱ्यात तो अलंकार. म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर उघडण्याआधी त्या परंपरेतल्या माणसाशेजारी बसून विचारावं लागतं की तुमच्याकडे 'लागलेला' सूर कसा ऐकू येतो.

सूर आपोआप दुरुस्त करणाऱ्या ऑटोट्यूनबद्दल दोन वाक्यांत सांगतो. मींड, गमक आणि आंदोलन असलेल्या आवाजावर तो आपोआप चालू ठेवू नका, कारण त्याला दोन स्वरांमधला प्रवास चूक वाटतो. एखादा स्वर खरोखर घसरला असेल, तर तो हातानं, एकटा, दुरुस्त करा.

मशीनकडून असं सुरेल काम करून घेता येतं का? येतं, आणि त्याचं एक जुनं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे वादक. १९८२ साली त्यांनी दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवणारा एक अल्बम केला: भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. हाताशी रोलंडची तीन यंत्रं: टीआर-८०८ हे ड्रम मशीन, टीबी-३०३ हा बेस सिंथ आणि ज्युपिटर-८ हा कीबोर्ड. टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय असते. ती बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बेस गिटार होती, पण त्या घसरणीत मींडेचा भास आहे हे सिंग यांनी हेरलं. अल्बम तेव्हा खपला नाही. पुढे २०१० मध्ये तो पुन्हा निघाला आणि जगभरच्या लोकांना आश्चर्य वाटलं, कारण याच यंत्रांवर शिकागोत उभं राहिलेलं अ‍ॅसिड हाउस हे नृत्यसंगीत त्यानंतर काही वर्षांनी आलं होतं.

त्या अल्बमकडून मी वेगळीच गोष्ट शिकलो. त्यात दर चार मात्रांनी कॉर्ड बदलत नेण्याचा मोह टाळलेला आहे. बेस रागाच्या स्वरांत फिरत राहतो, षड्ज जागेवर राहतो, आणि सगळं नवेपण ध्वनीच्या पोतात आणि ठेक्यात आहे. तोडीखाली एखादी नेहमीची कॉर्डमाला ठेवून बघा. कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम यांना दुसरेच अर्थ चिकटू लागतात, कारण प्रत्येक कॉर्ड कानाला नवा आधार सुचवते आणि षड्जाची सत्ता डळमळते. राग मोडायला एकही वर्ज्य स्वर लागत नाही, खालचा आधार हलवला की पुरतं.

याचा अर्थ स्वरमेळ नकोच असा मात्र नाही. तो बाहेरून आणायचा की आतून काढायचा, एवढाच प्रश्न आहे. बल्गेरियातल्या स्त्रियांच्या गाण्यात दोन आवाज एकमेकांना अगदी चिकटून, एका स्वराच्या अंतरावर उभे राहतात. शिकलेल्या कानाला ते कर्कश वाटावं, तिथे तेच गोड मानतात. फिलिप कुतेव यांनी १९५१ मध्ये सरकारी गायनवृंद उभा केला, तेव्हा त्यांनी हाच चिकटलेला स्वर बहुस्वरी रचनेचा पाया धरला. स्वित्झर्लंडच्या मार्सेल सेलिए यांनी तिथल्या गायनवृंदांचं संकलन १९७५ साली प्रसिद्ध केलं आणि १९८६ मध्ये ते एका ब्रिटिश रॉक कंपनीनं पुन्हा काढलं, तेव्हा नव्या पिढीला ते कमालीचं आधुनिक वाटलं. वाद्यं फारशी नव्हती, यंत्रं नव्हती, होती ती परंपरेच्याच पोटातून काढलेली रचना. इथिओपियाच्या मुलातू अस्तातके यांनी जॅझमध्ये तेच केलं. लंडन आणि बॉस्टनमध्ये शिकून त्यांनी इथिओपियातल्या पाच स्वरांच्या मांडण्या मुख्य धरल्या आणि व्हायब्राफोन, ब्रास, कॉर्ड यांना त्यांच्या भोवती बसवलं. १९७२ चा त्यांचा 'मुलातू ऑफ इथिओपिया' ऐकताना कानाला आधी ते पाच स्वर लागतात आणि जॅझ नंतर.

शब्दांचं एक वेगळंच प्रकरण आहे, आणि ते तंत्रज्ञांनी जरूर ऐकावं. नुसरत फतेह अली खान आणि कॅनडाचा गिटारवादक मायकल ब्रूक यांचा 'मस्त मस्त' १९९० मध्ये आला. ब्रूकनं लांबलचक गायकीतून तुकडे कापून त्यांना गाण्याचा आकार दिला. त्याला भाषा येत नव्हती. काही ठिकाणी काट ओळीच्या मधोमध पडली आणि अर्थाचा अनर्थ झाला. नुसरतसाहेबांच्या बाजूनं हरकत आली आणि काही भाग पुन्हा जोडावे लागले. कव्वालीत ओळ ही संगीताची सोय म्हणून नसते, ती कोणाचं तरी स्तवन असते, ती अर्धी सोडता येत नाही. तोडगा त्या अल्बममध्येच दिसतो: बराचसा भाग सरगम आणि आलापीवर आधारलेला आहे, तिथे कापाकापीला मोकळीक मिळते. मी यातून घेतलेला नियम साधा आहे. शब्द असलेल्या ट्रॅकवर काट मारण्याआधी संपूर्ण गाण्याचा ओळवार अर्थ लिहून घ्यायचा आणि संपादन झालं की गाणाऱ्याला ते वाचत-वाचत ऐकवायचं.

मिक्सिंगमध्ये सगळ्यांत जास्त भांडण खालच्या पट्टीत होतं. डग्ग्याचा घुमारा आणि किक ड्रम दोघांनाही साधारण ५० ते १०० हर्ट्झची जागा हवी असते. किक तिथे एकदा ठोकून मोकळा होतो. डग्ग्याचा स्वर मात्र मनगटाच्या दाबानं वर चढतो, खाली उतरतो, म्हणजे तो तिथे गातो. अशा वेळी किकला वाव देण्यासाठी डग्ग्याचा तळ कापायची सवय अनेकांना असते. मी उलट करतो. किक आखूड करतो, शक्यतो षड्जाला जुळवतो आणि जिथे डग्गा बोलतो तिथे किक वाजवतच नाही. तबल्याच्या उजव्या हाताची गोष्ट निराळी. शाईमुळे त्याचे उपस्वर जवळपास सुरेल पटीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच दाखवून दिलं होतं. म्हणूनच दायाँ स्वराला लावता येतो, आणि म्हणूनच त्याच्या शेजारी बेसूर स्नेअर ड्रम ठेवला तर तबलाच बेसूर वाटू लागतो. स्नेअर पण जुळवावा लागतो, निदान षड्जाशी भांडणार नाही इतपत.

आणि कृपा करून तानपुरा कॉम्प्रेस करू नका, म्हणजे त्याच्या आवाजातला लहान-मोठेपणा दाबून सारखा करू नका. त्याची जवारी, तो झिरमिरता पडदा, छेडल्यानंतर हळूहळू उमलतो. कॉम्प्रेसर ते उमलणंच सपाट करून टाकतो.

आता एक अवघड मुद्दा. परंपरेतल्या लोकांना न आवडलेला अल्बम फसलेलाच असतो का? नाही. स्पेनचा कामारोन हा फ्लामेंकोतला सर्वांत मोठा गायक. १९७९ मध्ये त्यानं इलेक्ट्रिक बेस, ड्रम, सिंथ आणि सतारसुद्धा घेऊन 'ला लेयेंदा देल तिएम्पो' केला, त्यात लोर्काच्या कविता गायल्या. जुन्या रसिकांनी तो नाकारला, तेव्हा तो खपलाही नाही. आज तो फ्लामेंकोच्या इतिहासातला वळणाचा टप्पा मानला जातो. तो टिकला याचं कारण मला स्पष्ट ऐकू येतं: भोवतीचं सगळं बदललं तरी गळा आणि आवर्तन यांना त्यानं धक्का लावला नाही. पुढे २०१८ मध्ये रोसालियाचा 'एल माल केरेर' आला. मूळ तो तिच्या पदवीचा प्रकल्प, तेराव्या शतकातल्या एका कादंबरीवर बेतलेला. त्यात ऑटोट्यून आहे, कापलेले आवाज आहेत, इंजिनांचे आवाज आहेत. पण टाळ्यांचे ठेके बारीक कानानं ऐका. तिनं वर्षानुवर्षं गुरूकडे बसून फ्लामेंको शिकलेलं आहे, म्हणून काय सोडायचं आणि काय सोडायचं नाही हे तिला माहीत आहे. त्याच अल्बमला २०१९ मध्ये लॅटिन ग्रॅमीचा वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा मान मिळाला. परंपरा मोडायचीच असेल तर आधी ती गळ्यात यायला हवी, याचं याहून ताजं उदाहरण माझ्याकडे नाही.

जुनी ध्वनिमुद्रणं वापरणार असाल तर इथे थांबा आणि नीट वाचा. डीप फॉरेस्ट या फ्रेंच जोडीच्या १९९२ च्या अल्बममधलं सगळ्यांत गाजलेलं गाणं सॉलोमन बेटांवरच्या एका अंगाईवर उभं आहे. अफुनाक्वा नावाच्या बाईनं ती गायली होती आणि ह्यूगो झेम्प या अभ्यासकानं ती टेपवर घेतली होती. झेम्प यांनी या वापराला संमती दिली नव्हती असं त्यांनी पुढे सविस्तर लिहिलं. इतकंच नाही, त्यावरून दुसऱ्या एका नामवंत वादकानं त्याच चालीचं गाणं केलं आणि शीर्षकात ती आफ्रिकेतल्या पिग्मींची अंगाई असल्याचं म्हटलं. एका बाईचा आवाज जगभर वाजत होता आणि ती कुठल्या खंडातली हेसुद्धा कोणाला माहीत नव्हतं. एनिग्मा या युरोपीय संगीतप्रकल्पाच्या १९९३ च्या अल्बममध्ये तैवानच्या अमीस जमातीतल्या दिफांग आणि त्यांच्या पत्नीचा आवाज असाच वापरला गेला. ते वृद्ध दांपत्य १९९८ मध्ये कोर्टात गेलं, पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि त्यांना श्रेय मिळालं. चाल कोणाच्याच मालकीची नसली तरी ती गाणारा माणूस कोणीतरी असतो आणि ते ध्वनिमुद्रणही कोणाचं तरी असतं.

याच्या दुसऱ्या टोकाला जेरेमी डचर आहे. कॅनडाच्या वोलास्तोकी समाजातला हा ऑपेराचं शिक्षण घेतलेला गायक. एका ज्येष्ठ गायिकेनं, मॅगी पॉल यांनी, त्याला सांगितलं की आपल्या लोकांची गाणी संग्रहालयात पडून आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित झालेली ती गाणी त्यानं शोधली, ऐकून-ऐकून उतरवली, आणि २०१८ च्या अल्बममध्ये पियानो आणि तंतुवाद्यांसह गायली. मला सर्वांत भिडते ती त्यातली मांडणी. नळकांड्याची खरखर त्यानं पुसली नाही. त्या खरखरीतून शंभर वर्षांपूर्वीचा माणूस गातो, डचर थांबतो, मग त्याच सुरावर स्वतःचा आवाज लावतो. मॅगी पॉल यांचा बोलण्याचा आवाजही अल्बममध्ये आहे. एक मिक्सिंग करणारा म्हणून सांगतो, अशी खरखर ठेवण्याला धैर्य लागतं, कारण नॉइज काढण्याचं बटण अगदी हाताशी असतं. त्या अल्बमला त्याच वर्षी कॅनडाचा पोलारिस पुरस्कार मिळाला.

आता तुमच्या अल्बमकडे वळतो. कामाला लागण्याआधी तुम्ही दोघांनी एकत्र बसून तीन-चार अल्बम लागोपाठ ऐकावेत. मालीचे अली फार्का तुरे आणि त्यांच्याबरोबर वाजवणारे अमेरिकी गिटारवादक राय कूडर यांच्या १९९४ च्या 'टॉकिंग टिंबक्टू'पासून सुरुवात करा, कारण त्यात पाहुण्या गिटारवादकानं कमी कसं वाजवावं याचा धडा आहे. नंतर चरणजित सिंग, रोसालिया, डचर. मित्राला प्रत्येक गाण्यात एकच प्रश्न विचारा: इथे कोण कोणासाठी थांबतंय?

मग तुमच्या गाण्यांतलं एकच निवडा, तुम्हाला झोपेतही येणारं. तुमच्या सोयीच्या पट्टीत, तुमच्या वेगानं, क्लिकशिवाय गा. स्वर धरायला तानपुरा असू द्या. असे दोन-तीन टेक घ्या आणि त्यांतला सर्वांत सुरेल नव्हे तर सर्वांत मोकळा टेक ठेवा. त्या टेकवर मित्राला समेच्या खुणा करू द्या. तो कंटाळेल, पण त्या कामात त्याला तुमचं गाणं आतून कळेल. त्यानंतर त्यानं आपले सिंथ तुमच्या गंधार-धैवताला जुळवावेत.

गाणं कोणाकडून शिकलात, ते कोणत्या भागातलं, आणखी कोण ते गातं, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. अल्बमच्या श्रेयनामावलीत ते जायला हवं, आणि शिकवणारी व्यक्ती हयात असेल तर प्रसिद्ध करण्याआधी तिला ऐकवायला हवं. मिळकत झाली तर तिचा वाटा किती, हेही आधीच ठरवून कागदावर घ्या. नंतर हे बोलणं जड जातं.

मित्राच्या पहिल्या मांडणीत फक्त तीन गोष्टी असाव्यात: तुमचा आवाज, तानपुरा आणि एकच बेस सिंथ, तोही षड्ज आणि पंचमापुरता. तेवढ्यावर गाणं उभं राहत नसेल, तर आणखी ट्रॅक चढवून ते उभं राहणार नाही, दुसरं गाणं निवडा. उभं राहत असेल, तर पुढचा प्रत्येक आवाज एकेक करून आणा आणि प्रत्येक वेळी गाण्याचं तेच कडवं पुन्हा ऐका. ज्या आवाजामुळे तुमची एखादी हरकत ऐकू येईनाशी होते, तो त्याच क्षणी काढून टाका.